‘तेज’ कशाला म्हणावे?

गेल्या महिन्यातील एका रविवारी सकाळी आमच्या वसाहतीच्या फाटकाबाहेर धारवाल्याची हाक ऐकू आली : ‘चाकू-छुरी तेज करा लो!’ गुरुग्रामातील या गगनचुंबी इमारतींच्या पायथ्याशी अशा हाका आता क्वचितच येतात. येथे सुरी बोथट झाली की नवी मागविण्याची रीत आहे, आणि ती दहा मिनिटांत दाराशी येऊन उभीही राहते. आम्ही मात्र घरातील विळी उचलून खाली गेलो. रत्नागिरीहून निघालेली ही विळी आमच्याबरोबर नागपूर, भोपाळ आणि आता हरियाणा अशा बदल्या भोगून आली आहे. धारवाल्याने सायकल स्टँडवर उभी केली, पट्टा चढवून दगडी चाक फिरवावयास घेतले, आणि विळी हाती येताच तो थबकला. खाली पाट, त्यावर उभे वाकलेले पाते, पात्याच्या शेंड्याला खोबरे खवण्याचे दाते. असले हत्यार त्याने उभ्या जन्मात पाहिले नव्हते. त्यावर बसावयाचे कसे आणि चिरावयाचे कसे, हे आम्ही त्यास समजावून दिले. ‘तेज कर दूँ?’ त्याने विचारले. ‘धार लगा दो,’ आम्ही म्हणालो. ‘एक ही बात है, साहब,’ म्हणून तो कामास लागला.

त्याचे म्हणणे त्याच्यापुरते खरे होते. त्यावर आमचा काही आक्षेप नाही. परंतु परत येताना उद्वाहकात शेजारच्या मराठी बिऱ्हाडातील दहा वर्षांचा मुलगा भेटला. त्याने विळीकडे कुतूहलाने पाहिले आणि तो म्हणाला, ‘काका, आता विळी एकदम तेज झाली ना?’ मुलाचे आजोळ सातारचे, वडील केंद्र सरकारच्या सेवेत अधिकारी, घरात अजूनही गणपती बसतो आणि मोदक होतात. आणि तरीही ‘धार’ हा शब्द त्याच्या जिभेवर आला नाही. तो त्यास ठाऊकच नव्हता, असे नंतर चौकशी करता कळले. धार म्हणजे काय, असे आम्ही विचारले, तेव्हा त्याने ‘पाण्याची?’ असा प्रतिप्रश्न केला. गायीची धार काढतात हे त्यास सांगितले असते, तर तलवार घेऊन गोठ्यात जाणारा मनुष्य त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला असता की काय, कोण जाणे!

हा लेख त्या मुलाविरुद्ध नाही. तो आपल्याविरुद्ध आहे. बदलीच्या गावी राहणाऱ्या, वर्षातून दोनदा मंडळात जाऊन मराठी बाण्याने टाळ्या वाजविणाऱ्या आणि घरी परत येऊन ‘पंखा जरा तेज कर’ म्हणणाऱ्या आपणा सर्वांविरुद्ध. यात आम्हीही आलो.

वाचकांनी एक दिवस स्वतःच्या घरात कान देऊन ऐकावे. सकाळी गॅस ‘तेज’ केला जातो. मराठीत तो मोठा करीत. चहाची पत्ती ‘तेज’ होते, आमटीत मीठ ‘तेज’ पडते, मिरची तर ‘तेज’ असतेच. वस्तुतः मीठ जास्त होते, आमटी खारट होते आणि मिरची तिखट, जहाल किंवा झणझणीत असते. या तीन मिरच्या एक नव्हेत, हे ज्याने कोल्हापुरात आठवडाभर जेवण केले आहे त्यास सांगावयास नको. बाहेर ऊन ‘तेज’ आहे. ते कडक आहे, की रणरणते, की भगभगीत? वारा ‘तेज’ आहे. तो सोसाट्याचा आहे, की बोचरा, की नुसता झोंबणारा? दिल्लीच्या जानेवारीतील वारा बोचरा असतो, पण तो सोसाट्याचा क्वचित असतो. एप्रिलमधील आंधी सोसाट्याची असते, पण बोचत नाही. दोन्हींना ‘तेज’ म्हणणाऱ्याने दोन्हीही पाहिलेले नाहीत, असे आम्ही खुशाल समजू. पाऊस तेज, ताप तेज, मोटार तेज, भाव तेज, वास तेज, टीव्हीचा आवाज तेज, मुलाचे डोके तेज आणि सासूबाईंची जीभ तेज. मुसळधार गेले, सणकून गेले, भरधाव गेले, उग्र गेले, तल्लख गेले, फटकळ गेले. एका पाहुण्याने घरातील सर्व बिछाने अडविले आणि घरची माणसे जिन्यात झोपू लागली, तशी ही अवस्था आहे.

यात बिघडले काय, असे विचारणारे पुष्कळ भेटतील. त्यांना याच मुलाच्या घरातील एक हकीकत सांगतो. मागील हिवाळ्यात एका रात्री त्याचे पोट दुखू लागले. आईने साताऱ्यास आजीला फोन लावला. (आमच्या दारावरून जाणारा अठ्ठेचाळीस क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग थेट साताऱ्यावरून पुढे जातो, रस्ता एक असून भाषा वाटेत कोठे सांडते, हा एक स्वतंत्र शोधाचा विषय आहे.) आजीने विचारले, ‘कसं दुखतंय रे बाळा? कळ येऊन जाते, की सारखं ठणकतंय? मुरडा आहे, की टोचतंय? का नुसती जळजळ होतेय?’ मुलगा म्हणाला, ‘आजी, तेज दुखतंय.’ ‘अरे, पण कसं?’ ‘तेज! खूप तेज!’ आजी जुन्या पिढीतील. नातवाच्या पोटात तेज प्रकट झाले आहे हे ऐकून तिची काय समजूत झाली असेल ती असो. सकाळी डॉक्टरांनी हिंदीत तोच प्रश्न केला : मरोड़ है, चुभन है, या जलन? मुलाला तेही सांगता आले नाही. दुखणे किरकोळ होते, संध्याकाळपर्यंत थांबले. परंतु ते किरकोळ नसते तर? आतड्यासारख्या पोकळ अवयवाच्या आकुंचनाने उठणारी कळ लाटेसारखी येते आणि ओसरते. दाहाचे दुखणे बहुधा ठाण मांडून बसते. आणि हा भेद रोग्याच्या तोंडूनच वैद्याला कळावयाचा असतो. कॅनडातील रोनाल्ड मेल्झॅक या शास्त्रज्ञाने १९७५ साली वेदनेची जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तीत वेदनेची वर्णने करणारे ७८ शब्द वीस गटांत मांडले होते, आणि रोग्याने त्यांतून आपला शब्द निवडावा अशी योजना होती. मॉन्ट्रियलच्या विद्यापीठाला जे परिश्रमाने जमवावे लागले, त्याची निम्मीशिम्मी भरपाई आपल्या आज्या फोनवर सहज करीत असत. कळ, चमक, ठणका, ठसठस, शूळ, मुरडा, सणक, टोचणी, चुरचूर, आग. ज्या मुलाजवळ या सर्वांच्या जागी एकच शब्द उरला, त्याचे आपण काय नुकसान केले, हे एखाद्या रात्री आपल्याला कळेल तेव्हा ते सुधारण्यास वेळ उरला असेलच असे नाही.

असो. रोग कबूल करणाऱ्यांत औषधाविषयी मतभेद असतातच. येथील एका मराठी मंडळाच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला, तेव्हा एक सद्गृहस्थ आवेशाने उठले आणि म्हणाले, की हा ‘तेज’ यावनी शब्द आहे, तो घराबाहेर काढण्याचा ठरावच केला पाहिजे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश झाला, स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली, मग आपण मागे का? टाळ्या झाल्या. आम्हांस मात्र या गृहस्थांची भीती त्या मुलापेक्षा अधिक वाटली. कारण मुलाजवळ शब्द नव्हते, यांच्याजवळ विचार नव्हता.

त्यांनी ज्याला परका म्हटले तो शब्द खरोखर कोण आहे, ते पाहू. फारसीतील ‘तेज’ म्हणजे धारदार, तिखट, वेगवान. संस्कृतातील ‘तेजस्’ म्हणजे आपल्या ओळखीचे तेज. या दोघांचा जन्म एकाच घरातला आहे. संस्कृतात ‘तिज्’ असा धातू आहे, आणि पाणिनीय धातुपाठात त्याचा अर्थ ‘निशान’, म्हणजे धार लावणे, असा दिला आहे. कोयत्याला धार लावण्याच्या दगडाला आपल्याकडे ‘निसणा’ म्हणत, तो याच ‘निशाना’चा वारस. त्या तिज् धातूपासून तीक्ष्ण, तिग्म आणि तेजस् हे तिघे झाले. ‘तीक्ष्ण’ प्राकृतातून घासत घासत मराठीत आला तो ‘तिखट’ होऊन. मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून या देशात उतरली, परंतु तिखट तिच्या आधीपासून आपल्या स्वयंपाकघरात होते. तेव्हा ते मिऱ्याचे होते एवढेच. आपले लोहार पोलादाला ‘तिखे’ म्हणत, तेही याच वंशातले. तिकडे इराणात त्याच मूळ धातूच्या इराणी रूपापासून ‘तेज’ निघाला. आपल्या शाखेतील शब्द पात्यावरच्या चकाकीकडे वळला आणि प्रकाश झाला. त्यांच्या शाखेतील शब्द बाणाच्या टोकाकडे वळला आणि वेग झाला. तैग्रिस नदीला ते नाव तिच्या वेगावरून मिळाले, कारण मीड लोक बाणाला तसे म्हणतात, असे प्लिनी या रोमन ग्रंथकाराने नोंदवून ठेवले आहे. दोन भावांपैकी एक दिवा घेऊन देवघरात गेला, दुसरा घोड्यावर बसून बाहेर पडला, आणि काही शतकांनी तो दिल्लीच्या वाटेने परत दारात आला, तर देवघरातला भाऊ विचारतो, हा कोण यवन?

आणि प्रारंभी आपल्याकडेही ‘तेज’ म्हणजे निव्वळ प्रकाश नव्हता. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातील एका अग्निसूक्तात अग्नी धनुर्धराप्रमाणे नेम धरतो आणि आपले तेज लोखंडाच्या धारेसारखे पाजळतो, असे वर्णन आहे. तेज आणि धार तेथे शेजारी शेजारी उभे आहेत. त्याहून मोठे नवल हे, की ज्या क्रियापदाने आम्ही हा अर्थ सांगितला ते ‘पाजळणे’ आजही मराठीत दोन्ही कामे करते. दिवा पाजळतात आणि शस्त्रही पाजळतात. म्हणजे ज्योत आणि धार या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत हे ज्ञान कोकणातील एखाद्या निरक्षर म्हातारीच्या तोंडी, भाषाशास्त्राची पायरी न चढता, बसलेले आहे. आमच्या ठरावबहाद्दरांना ‘पाजळणे’ हा शब्द अखेरचा केव्हा वापरला ते आठवेना.

त्यांनी ‘तेज’ला हाकलून त्याच्या जागी ‘धारदार’ बसवावा असेही सुचविले होते. ‘धारदार’! त्यातील ‘दार’ कोठला? धारदार, टोकदार, अणकुचीदार, पाणीदार ही सर्व पाती मराठी आहेत आणि त्यांच्या मुठी फारसी आहेत. मूठ काढून पाते धरू पाहणाऱ्याचे काय होते ते सांगण्याची आवश्यकता नाही. दाढी करावयास वस्तरा घेतला तर तोही फारसीच. माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन यांनी १९२५ साली फार्सी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. त्यांच्या शुद्धीशी एखाद्याचे मत जुळो वा न जुळो. जो शब्द घराबाहेर काढावयाचा त्याचे कुळ, गाव आणि चालचलणूक या गृहस्थाने आधी पूर्ण तपासली होती. आमच्या मंडळातील शुद्धिवाद्यांनी निदान चौकशी न करता निलंबनाचा आदेश काढू नये.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. हे सुशिक्षित, प्रवास केलेले, प्रसन्न वृत्तीचे असतात. ते म्हणतात, भाषा वाहती असते. मराठीने फारसी पचविली, पोर्तुगीज पचविली, इंग्रजी पचवीत आहे. एका तेजाने काय होणार? शिवाय तुम्हीच सिद्ध केलेत की तो शब्द आपलाच आहे! यांना उत्तर देणे अधिक अवघड, कारण यांच्या म्हणण्यात बारा आणे सत्य आहे. उरलेल्या चार आण्यांत सगळा घोटाळा आहे.

मराठीने शब्द घेतले, हे खरे. पण कसे घेतले? ‘हुशार’ फारसीतून आला, तरी ‘चतुर’ गेला नाही. ‘चलाख’ आला, तरी ‘चपळ’ राहिला. ‘जलद’ आला आणि ‘भरभर’, ‘झपझप’, ‘लगबगीने’ हे तिघे आपापल्या जागी आहेत. आलेल्या प्रत्येकाने स्वतःची एक जागा शोधली. हुशार मुलाला बक्षीस द्यावे आणि चलाख मुलावर लक्ष ठेवावे, हे आपल्याला त्या दोन शब्दांनीच शिकविले. ‘तेज’ स्वतःही पूर्वी असाच सभ्यपणे आला होता. बाजारातील तेजी-मंदी, सोनाराकडील तेजाब, म्हणजे शब्दशः तीक्ष्ण पाणी, ही त्याची जुनी बिऱ्हाडे. तेथे त्यास कोणी कधी हरकत घेतली नाही, आम्हीही घेत नाही. आजचा ‘तेज’ तसा येत नाही. तो नवा अर्थ घेऊन येत नाही. तो जुने अर्थ पुसून टाकतो. कर्जाने घेतलेल्या भांडवलावर व्यापार वाढतो, आणि कर्जाने घेतलेल्या पैशावर घरची भांडी मोडीत निघतात. दोन्हींना ‘उसनवारी’ म्हणून समाधान मानणे हे हिशेबनिसाला शोभत नाही.

आमच्या वाचकांत हिशेब तपासणारे, करनिर्धारण करणारे, नियमावल्यांवर जगणारे पुष्कळ आहेत. त्यांनी आपल्या व्यवसायाकडेच पाहावे. केंद्रीय नागरी सेवांचे १९६५ चे शिस्तविषयक नियम त्यांना पाठ आहेत. त्यांत सेवेतून काढून टाकणे ही एक शिक्षा आहे आणि बडतर्फ करणे ही दुसरी. दोन्हींत मनुष्य घरी बसतो. बाहेरच्याला हे एकच वाटते. ‘एक ही बात है, साहब.’ परंतु पहिलीत पुढे सरकारी नोकरीची वाट बंद होत नाही, दुसरीत ती सामान्यतः बंद होते. टिप्पणी लिहिताना या दोहोंत गल्लत करणाऱ्या कनिष्ठाची आपण कशी संभावना करतो! त्याला धारेवर धरतो. आणि सायंकाळी घरी येऊन आपल्या मुलाला बोचरे आणि झणझणीत यांतला फरक मावळू देतो, तेव्हा आपल्या अंगची शिस्त कोठे जाते? कार्यालयात शब्दावर माणसाचे वेतन अवलंबून असते म्हणून तेथे आपण शब्द पारखून घेतो. घरी शब्दावर काहीच अवलंबून नाही, असे आपण मनोमन ठरविले आहे काय?

माणसे पारखण्याच्या बाबतीत तर हा शब्द सर्वांत घातक ठरतो. आमच्या परिचयाच्या एका मराठी गृहिणीला शेजारीण म्हणाली, ‘आपका बेटा तो बड़ा तेज निकला!’ आपल्या मुलाच्या मुखावरील तेज परप्रांतीयांच्याही नजरेस आले, म्हणून ही माउली दोन दिवस आनंदात होती. तिसऱ्या दिवशी कळले, की चिरंजीवांनी शेजारणीच्या मुलाची नवी बॅट आपल्या फुटक्या चेंडूच्या बदल्यात पदरात पाडून घेतली होती. शेजारणीचा शब्द चुकला नव्हता. हिंदीत ‘तेज’ हुशारालाही म्हणतात आणि बेरक्यालाही, आणि स्वरावरून काय ते समजावयाचे असते. मराठीत तेज माणसाच्या ठायी असते, माणूस ‘तेज’ नसतो. ते चढते, मावळते, झाकोळते. निस्तेज, सतेज, तेजोभंग, तेजोवध ही त्याची शब्दसंपत्ती पाहा. महाभारतात शल्याने कर्णाचे सारथ्य पत्करले ते युधिष्ठिराला कर्णाच्या तेजोवधाचे वचन देऊन. त्याने शस्त्र उचलले नाही, नुसती जीभ चालविली. जे बोलण्याने मारता येते ते ‘तेज’ आणि जे मोटारीचे असते ते ‘तेज’, हे एका घरात एका उच्चाराने नांदू लागले की पहिल्याची शोभा जाते आणि दुसऱ्याला काही मिळत नाही. चाणाक्ष, चतुर, चलाख, धूर्त, बेरकी, लबाड या सहा पायऱ्या आहेत. माणसे निवडण्याचे काम ज्यांच्याकडे आहे त्यांनी आपल्या मुलांच्या हातून ही शिडी काढून घ्यावी, यासारखा विपरीत प्रकार दुसरा नाही.

आणखी एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. यात दोष हिंदीचा नाही. हिंदीजवळ पैना आहे, नुकीला आहे, तीखा आहे, धारदार आहे; वेदनेला टीस आहे, चुभन आहे, ऐंठन आहे. त्या धारवाल्याशी आम्ही अर्धा तास बोललो. दगडांच्या जातींविषयी, पात्याच्या पाण्याविषयी बोलताना त्याच्या तोंडी असे शब्द आले की त्यांतले अर्धे आम्हांस विचारून घ्यावे लागले. हिंदीच्या भरल्या पेढीवर जाऊन आपण फक्त सुटे पैसे उचलून आणले आहेत. भाजीवाला, रिक्षावाला, सुरक्षारक्षक आणि दूरचित्रवाणी यांच्याशी जेवढे भागते तेवढी हिंदी आपण शिकलो, आणि मग तेवढ्याच मापात आपली मराठी कापून घेतली. मुलांच्या वाट्याला धड कोणतीच भाषा आली नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत तालकटोरा येथे साहित्य संमेलन भरले. दिल्लीतील मागील संमेलन १९५४ सालचे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखालील. म्हणजे सत्तर वर्षांनी हा योग आला. आम्हीही गेलो होतो. आमच्या वसाहतीतील मराठी मंडळी फेटे बांधून आली होती, आणि ते आम्हांस मनापासून आवडले. परतीच्या वाटेवर मोटारीत मुलांना विचारले, कसे वाटले? ‘छान होतं, पण स्पीकरचा आवाज फार तेज होता.’ अभिजाततेचे ताम्रपट सरकार देऊ शकते. कर्कश, खणखणीत आणि कानठळ्या बसविणारा यांतील कोणता आवाज तो होता, हे मुलाला सांगता येण्याची व्यवस्था सरकारकडे नाही.

गुरुग्राम हे नाव २०१६ साली अधिकृत झाले. पांडवांनी हे गाव द्रोणाचार्यांना दिले अशी येथील परंपरा आहे. खांडसा गावी एकलव्याचे देऊळही दाखवितात. द्रोणांनी झाडावर पक्षी ठेवून शिष्यांची जी परीक्षा घेतली तिचे स्मरण येथे राहणाऱ्यास अधूनमधून होते. एका शिष्याला झाड दिसले, फांद्या दिसल्या, पक्षी दिसला, भाऊ दिसले, गुरुजीही दिसले. त्याला धनुष्य खाली ठेवण्यास सांगण्यात आले. टोकाला टोकपण येते ते बाकीचे सर्व गाळून टाकल्याने. जो शब्द पावसालाही लागतो, पंख्यालाही, पोटालाही आणि पोरालाही, तो त्या पहिल्या शिष्यासारखा आहे. त्याला सर्व काही दिसते आणि म्हणून त्याचा नेम कशावरच नाही. धारेसाठी वापरला जाणारा शब्दच बोथट व्हावा, हा योगायोग आम्हांस विलक्षण वाटतो.

तिज् धातूचे एक अपत्य आम्ही मुद्दाम मागे ठेवले होते : तितिक्षा. त्याच धार लावण्याच्या धातूला इच्छार्थक म्हणून ओळखला जाणारा प्रत्यय लागून ‘सहन करणे’ हा अर्थ निघाला, आणि वेदान्त्यांनी तिला शमदमादी सहा साधनांत स्थान दिले. दगडावर पाते घासले जाते, ते सोसते, तेव्हा त्यास धार येते, असा संबंध कोणी लावला तर आम्ही त्यास नाही म्हणणार नाही. व्याकरणकारांना तो मान्य होईलच असे मात्र नाही. आमच्यापुरता तिचा उपयोग असा, की घरात प्रत्येक ‘तेज’ ऐकल्यावर मुलावर खेकसू नये. टोकल्याने मुले शब्द शिकत नाहीत. ती बोलणे बंद करतात. आपण स्वतः एकदा ‘भगभगीत’ म्हणावे आणि पुढे जावे.

ठराव वगैरे काही करू नयेत. वाचकांस विनंती एवढीच, की त्यांच्या गावी, त्यांच्या घरी, ज्या ठिकाणी आज ‘तेज’ येतो त्या ठिकाणी पूर्वी कोणता शब्द येत असे, तो त्यांनी पत्राने कळवावा. वऱ्हाड, खानदेश, बेळगाव, गोवा, कोठलाही चालेल. वास, चव, ऊन, वारा, दुखणे आणि माणसाचा स्वभाव यांचे शब्द विशेषकरून हवेत. नमुना म्हणून ‘तिखट कानाचा’ हा एक आम्ही टिपून ठेवला आहे. दारामागे कुजबुजलेलेही ज्यास ऐकू येते तो. कानाला तिखट म्हणणारी भाषा ‘तेज कान’ म्हणून का बसली आहे?

विळीचे सांगावयाचे राहिले. त्या रविवारी संध्याकाळी तो मुलगा ती पाहावयास आमच्याकडे आला. काकडी कोचविण्याचा त्याचा हट्ट आम्ही पुरविला, आणि व्हावयाचे तेच झाले. बोटाला बारीकसे कापले. हळद लावली. ‘आग होते आहे का रे?’ आम्ही विचारले.

त्याने बोटाकडे थोडा वेळ निरखून पाहिले. ‘आग नाही,’ तो म्हणाला. ‘आई म्हणते ना, तसं होतंय. चुरचुरतंय.’